ख्मेर व्याकरण मराठीतून: मिळणं, लागणं, देणं आणि येणं-जाणं

कंबोडियाच्या राजधानीत, नॉम पेन्हला येऊन मला आता तीन वर्षं होत आली. गारमेंटच्या कामासाठी आलो, मूळचा इचलकरंजीचा, त्यामुळे कापड कळत होतं पण भाषा एक अक्षर येत नव्हती. इथे ऑफिसात इंग्रजीवर भागतं खरं, पण शिलाईच्या लाईनवर उभं राहिलं की सगळं ख्मेर, म्हणजे इथल्या लोकांची भाषा. म्हणून शिकायला लागलो, आणि पहिल्याच आठवड्यात तीन-चार जणांनी सांगितलं की अरे ख्मेर एकदम सोपी, तिला व्याकरणच नाही.

हे खरं नाही, आणि या एका वाक्याने शिकणाऱ्यांचं फार नुकसान होतं म्हणून हा लेख. व्याकरण नाही असं धरून माणूस नुसते शब्द पाठ करत बसतो, सहा महिन्यांत हजारभर शब्द होतात आणि तरी समोरच्याला काही कळत नाही. माझं म्हणणं असं आहे की ख्मेरला भरपूर व्याकरण आहे, फक्त ते शब्दाच्या शेपटीला नसून जागेत आहे, आणि पाच-सहा साध्या क्रियापदांत आहे, आणि ही क्रियापदं आपल्याला मराठीतून आधीच ओळखीची आहेत. इंग्रजीतून शिकलात तर ती अवघड वाटतील.

आधी काय नाही ते बघू. लिंग नाही, विभक्ती नाही, अनेकवचनाचा प्रत्यय नाही, काळाप्रमाणे क्रियापद बदलत नाही. आपल्याकडे जातो, जाते, जातात, गेलो, गेलीस, जाईन, जावं एवढा पसारा, तिकडे या सगळ्याला एकच शब्द, तोव. ख्ञोम म्हणजे मी, प्सा म्हणजे बाजार, ख्ञोम तोव प्सा म्हणजे मी बाजारात जातो, किंवा गेलो, किंवा जाणार. काल म्हणायचं तर म्सेलमिञ हा शब्द आधी लावा, उद्या म्हणायचं तर स्अएक. बाजार'ला' किंवा बाजार'त' दाखवणारं काही नाही. कर्ता, मग क्रियापद, मग कर्म, हा क्रम मात्र सोडायचा नाही, कारण मराठीत "रामाने रावणाला मारलं" हे तुम्ही कसंही उलटं करा, ने आणि ला सांभाळून घेतात, इथे सांभाळणारं कुणी नाही, जागा बदलली की मरणारा बदलला.

जागेचं महत्त्व किती ते एका उदाहरणात नीट बघा, कारण हे समजलं की बिगिनर लेव्हलचं निम्मं काम झालं. फ्तेअह म्हणजे घर, थोम म्हणजे मोठं, निह म्हणजे हे. विशेषण नामाच्या मागून येतं आणि 'आहे' हा शब्द विशेषणाबरोबर लागतच नाही. आता फ्तेअह थोम निह म्हटलं तर अर्थ झाला "हे मोठं घर", म्हणजे वाक्य अजून पुरं व्हायचंय. आणि फ्तेअह निह थोम म्हटलं तर "हे घर मोठं आहे", वाक्य पूर्ण. तेच तीन शब्द. निह जिथे येतो तिथे नामाचा डबा बंद होतो, त्याच्या मागे जे उरतं ते त्या घराबद्दलचं विधान. मी हे माझ्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय.

मोठी मोठी घरं म्हणायचं असेल तर? फ्तेअह थोम थोम. विशेषण दोनदा म्हणायचं, बस, घरं अनेक झाली. आपण 'मोठमोठी' म्हणतो तेच. तुलनेलाही आपलीच पद्धत आहे, थोम चिएंग म्हणजे 'पेक्षा मोठं' आणि सगळ्यात मोठं म्हणजे थोम चिएंग के, शब्दशः "इतरांपेक्षा मोठं", आपण सगळ्यांपेक्षा मोठं म्हणतो तसंच. इंग्रजी पुस्तकात याला वेगळा धडा आणि वेगळं नाव असतं, आपल्याला तो धडा लागत नाही.

नकार आणि प्रश्न हे जोडीने शिका, कारण दोन्हीकडे शेवटी ते हा शब्द येतो आणि तिथे गोंधळ होतो. डंग म्हणजे माहीत असणं. ख्ञोम ऑत डंग ते, मला माहीत नाही. बाँग डंग ते, तुम्हाला माहितीये का. पहिल्यात क्रियापदाच्या आधी ऑत आहे म्हणून तो ते नकाराचा, दुसऱ्यात ऑत नाही म्हणून तो ते प्रश्नाचा. लिहिताना आणि जरा औपचारिक बोलताना ऑतच्या जागी मिन येतं. बोलण्याच्या ओघात नकाराचा ते गळून पण जातो, मग कान ऑतवर ठेवायचा. प्रश्नवाचक शब्द आपल्यासारखेच आपल्या जागी बसतात, पुढे उडी मारत नाहीत: नेअक तोव ना म्हणजे तुम्ही जाता कुठे. 'का' ला हाएत अवेय, यातला हाएत म्हणजे आपला हेतू, आणि अवेय म्हणजे काय. हेतू काय! असे शब्द भेटले की मला अजूनही आनंद होतो.

वरती बाँग म्हटलं ते काय? बाँग म्हणजे मोठं भावंड, दादा किंवा ताई दोन्ही. ख्मेरमध्ये 'तू-तुम्ही' ची जागा बऱ्याचदा नातं घेतं, आणि गंमत म्हणजे 'मी' ची पण. वयाने लहान तो ओऊन, आईवडिलांपेक्षा लहान वयाची बाई मींग, पुरुष पू, त्यांच्यापेक्षा मोठं कुणीही ओम, आजी यिएय, आजोबा ता. भाजीवाल्या मावशीला मींग म्हणायचं, टुकटुकवाल्या काकांना पू. ती मावशी स्वतःबद्दल बोलतानासुद्धा मींग म्हणते, जसं आपल्याकडे आत्या म्हणते "आत्याला दे बरं ते". इंग्रजी पाठ्यपुस्तकं सगळीकडे नेअक शिकवतात, ते चुकीचं नाही पण कोरडं आहे, ओळखीच्या माणसाला ते परकं वाटतं. आणि ख्ञोम या 'मी' चा मूळ अर्थ दास, सेवक असा होता, म्हणजे आदर 'मी' मध्येच भरलेला. होकार पुरुषाचा बात आणि बाईचा चा, हा एवढा एक भाग बोलणाऱ्याच्या लिंगावर ठरतो.

आता खरा माल. इंटरमीडिएटच्या पायरीवर जे अडतं ते इथे.

पहिलं, बान. पुस्तकात लिहिलेलं असतं की बान हे भूतकाळाचं चिन्ह आहे, आणि दोन धडे सोडून परत लिहिलेलं असतं की बान म्हणजे 'शकणे'. मग विद्यार्थी विचारतो दोन्ही कसं, तर उत्तर मिळतं की संदर्भाने ओळखा. संदर्भाने कशाला? बान म्हणजे 'मिळणे'. एवढंच. क्रियापदाच्या आधी बान आलं, बान तोव, की "जायला मिळालं", म्हणून तो भूतकाळ वाटतो, झालं ना ते. क्रियापदाच्या मागे आलं, तोव बान, की "जाता येतं, जमतं", जाण्याचा प्रयत्न केला तर फळ मिळतं असं. आणि नकार नेहमी ज्याला नाकारायचंय त्याच्या लगेच आधी. ऑत बान तोव म्हणजे गेलो नाही, जाणं झालं नाही. तोव ऑत बान म्हणजे जाता येत नाही, जमणार नाही.

हे मी चुकून शिकलोय. पहिल्या वर्षी एका शुक्रवारी संध्याकाळी सुपरवायझर बाईंना मेसेज टाकला, मला म्हणायचं होतं की शनिवारी येता येणार नाही, आणि मी लिहिलं ख्ञोम ऑत बान मोक. मोक म्हणजे येणे. उद्या हा शब्द पण घातला नाही. त्यांनी वाचलं "मी आलो नाही". त्या दिवशी दुपारनंतर मी खरंच लाईनवर फिरकलो नव्हतो, त्यामुळे त्यांना ते बरोबरच वाटलं, त्यांनी अंगठा पाठवला, आणि शनिवारी सकाळी चार बायका सॅम्पल टेबलावर मांडून माझी वाट बघत बसल्या. बान मोकच्या आधी टाकायचं की नंतर एवढाच फरक होता. सोमवारी बाईंनी कागदावर दोन्ही वाक्यं एकाखाली एक लिहून दिली, मोक ऑत बान खाली रेघ मारली, तो कागद अजून माझ्याकडे आहे.

याच रचनेचा मोठा भाऊ म्हणजे जोडीची क्रियापदं, एक प्रयत्नाचं आणि एक फळाचं. रोक म्हणजे शोधणे, खउन्य म्हणजे दिसणे. रोक खउन्य, सापडलं. रोक ऑत खउन्य, शोधलं पण सापडलं नाही. नकार मध्ये बसला, कारण शोधणं तर झालंय, फळ नाही मिळालं. ऑत रोक म्हटलं तर शोधलंच नाही असा अर्थ होईल आणि समोरचा रागवेल. डेक म्हणजे आडवं होणं, डेक ऑत लुओक म्हणजे पडलोय पण झोप लागत नाही. स्डाप म्हणजे ऐकणे, स्डाप ऑत लू म्हणजे ऐकू येत नाही, आणि स्डाप ऑत बान म्हणजे ऐकलं पण कळलं नाही. मराठीत 'ऐकणं' आणि 'ऐकू येणं', 'बघणं' आणि 'दिसणं' हे आपण लहानपणापासून वेगळं ठेवतो, म्हणून हे आपल्या डोक्यात पटकन बसतं.

दुसरं, त्रोव, आणि हे माझं सगळ्यात आवडतं. डिक्शनरीत त्रोव उघडलं की पाच अर्थ: बरोबर असणे, आदळणे, करावं लागणे, कर्मणी प्रयोगाची खूण, आणि जिंकणे. इंग्रजीत विचार करणारा माणूस पाच वेगळे शब्द पाठ करतो. आता मराठीतलं 'लागणे' आठवा. ख्ञोम त्रोव तोव, मला जावं लागतंय. त्रोव फ्लिएंग, पाऊस लागला, म्हणजे पावसात सापडलो. त्रोव छ्नाओत, लॉटरी लागली! अगदी हेच, छ्नाओत म्हणजे लॉटरीचं तिकीट. मूळ कल्पना एकच आहे, कुठलीतरी गोष्ट येऊन माणसाला भिडते, मग ती जबाबदारी असो, पाऊस असो की नशीब. ख्ञोम त्रोव छ्के खाम म्हणजे मला कुत्रा चावला, कुत्र्याचं चावणं मला लागलं. म्हणून त्रोव घालून केलेलं कर्मणी वाक्य बहुतेक वेळा काहीतरी वाईट झाल्याचं असतं. इंग्रजीतलं प्रत्येक पॅसिव्ह वाक्य त्रोव घालून ख्मेरमध्ये आणू नका, "जेवण वाढलं गेलं" ला त्रोव लावलात तर ऐकणाऱ्याला वाटेल जेवणावर काही संकट आलं. आणि त्रोव हाएय म्हणजे "बरोबर", नेम लागला.

तिसरं ऑय, देणे. इथे पण मराठी हात देते. ऑय कोआत तोव, त्याला जाऊ दे. तिन्य ऑय ख्ञोम, मला घेऊन दे (तिन्य म्हणजे विकत घेणे). दे हा शब्द परवानगीला, उपकाराला आणि तिसऱ्या एका गोष्टीला चालतो जी मराठीत नाही, ती नीट लक्षात घ्या: ऑयच्या नंतर विशेषण लावलं की ते क्रियाविशेषण होतं. नियिएय ऑय च्बाह, बोल दे स्पष्ट, म्हणजे स्पष्ट होईल असं बोल. सूचना देताना, विनंती करताना हे सारखं लागतं, मी लाईनवर दिवसातून वीस वेळा तरी काहीतरी ऑय काहीतरी म्हणत असेन.

मोक आणि तोव, ये आणि जा, हे तर आयतेच. योक मोक घेऊन ये, योक तोव घेऊन जा. 'ऊन' चा प्रत्यय काढून टाका, झालं ख्मेर.

काळाबद्दल थोडक्यात. कम्पुंग म्हणजे चालू आहे, नुंग म्हणजे होणार, थ्लोआप म्हणजे पूर्वी कधी केलेलं आहे, तिन्ही क्रियापदाच्या आधी. हाएय वाक्याच्या शेवटी, अर्थ 'झालं'. रोजच्या बोलण्यात भूतकाळ बानपेक्षा हाएयने जास्त कळतो. इथे भेटल्यावर लोक विचारतात न्याम बाय हाएय रू नोव, न्याम म्हणजे खाणे, बाय म्हणजे शिजलेला भात, "भात खाऊन झाला की अजून आहे". म्हणजे आपलं "जेवलात का". उत्तर एक तर हाएय, नाहीतर नोव ते, अजून नाही.

आणि खाण्याचं निघालंच आहे तर सांगतो, न्याम सगळीकडे चालत नाही. जनावर खातं ते सी, माणसाला सी म्हटलं तर एकतर जिवलग मित्र असावा लागतो नाहीतर भांडण. गावाकडे हूप जास्त ऐकू येतं. पाहुण्याला पिसा म्हणायचं, भिक्खूंसाठी छान, राजघराण्यासाठी साओय. आपण गिळणं, खाणं, जेवणं, भोजन करणं असं करतोच की, पण तिकडे चुकलं तर जास्त खटकतं, म्हणून ही क्रियापदं शब्दसंग्रहात न टाकता व्याकरणात धरा.

मोजण्याचं व्याकरण वेगळं आहे पण परकं नाही. आधी वस्तू, मग आकडा, मग मोजायचा शब्द. कोन बेय नेअक, मुलं तीन जण. पुस्तकाला क्बाल, म्हणजे डोकं: सिएवफोव मुओय क्बाल, पुस्तक एक डोकं. भिक्खूंना अंग, तोच आपला अंग. काफे पी काएव, कॉफी दोन ग्लास, हॉटेलात ऑर्डर ओरडतात तसं. माणसांचा नेअक सोडू नका, बाकी वस्तूंना बाजारात लोक मोजशब्द गाळतात. आकडे पाचाच्या पायावर आहेत, प्राम पाच, प्राम मुओय सहा म्हणजे पाच-एक, असं नऊपर्यंत, आणि दहाला दोप. तीसपासून नव्वदपर्यंतचे दशक थाई भाषेकडून घेतलेत, ते पाठच करावे लागतात. दहा हजाराला स्वतंत्र शब्द आहे, म्उन, आणि लाखाला साएन, म्हणजे लाखात विचार करणाऱ्याला किंमती पटकन कळतात, इथे रिएलमध्ये लाखाच्या गोष्टी रोजच्याच.

एक गोष्ट मराठीत अजिबात नाही, शब्दाच्या पोटात घुसणारा प्रत्यय. डाए म्हणजे चालणे, त्याच्या पोटात तुकडा घातला की डॉमनाए, प्रवास. काएत जन्मणे, कॉमनाएत जन्म. च्रिएंग गाणे, चॉमरिएंग गीत. डंग कळणे, डॉमनंग बातमी. शाळेत संस्कृत असेल तर रुधादि गण आठवेल, युज् चं युनक्ति होतं, मध्ये न शिरतो, तसं काहीसं. प्रयोजक पण असाच: स्लाप मरणे, सॉमलाप मारणे. कधी तुकडा पोटात न जाता शब्दाच्या सुरुवातीला लागतो: रिएन शिकणे, बोंगरिएन शिकवणे. हे नवीन शब्द बनवायला तुम्ही वापरायचं नाही, आता ती प्रक्रिया जिवंत नाही, पण वाचताना अनोळखी शब्दाचं पोट फाडून बघायची सवय लावली तर निम्मे शब्द आपोआप उलगडतात. ख्मेर ही ऑस्ट्रोएशियाटिक कुळातली, संथाली, मुंडारी, खासी हे तिचे नातेवाईक, आणि आपल्या मेळघाटात बोलली जाणारी कोरकू पण. ख्मेर 'एक' मुओय, कोरकू मिया. अमरावती जिल्ह्यातली भाषा आणि मेकाँगकाठची भाषा एका घरातल्या, हे मला इथे येईपर्यंत कुणी सांगितलं नव्हतं याचं वाईट वाटतं.

लिपीबद्दल एवढंच सांगतो की ती दक्षिण भारतातल्या पल्लव लिपीतून आलीये, क-वर्ग, च-वर्ग हाच क्रम, जोडाक्षरात दुसरं अक्षर खाली लटकतं. तारीख असलेला सगळ्यात जुना ख्मेर शिलालेख इ.स. ६११ चा आहे, अंकोर बोरेयचा, आणि संबोरच्या एका लेखात शके ६०५, म्हणजे इ.स. ६८३, असा आकडा कोरलाय ज्यातलं शून्य एक टिंब आहे. शके! आपल्या कालनिर्णयावरचंच शक. अडचण उच्चाराची आहे. जुने ग, ज, द, ब आता क, च, त, प असे उच्चारतात, पण त्यांच्या पुढचा स्वर बदलून जातो. देशाचं नाव लिहितात कम्बुजा, वाचतात काम्पुचिआ: ब चा प झाला, ज चा च झाला आणि 'आ' चा 'इआ' झाला. भाषा लिहायचं, फिएसा वाचायचं. नगर लिहायचं, नोकोर वाचायचं. हा एक नियम दोन दिवस बसून घोटला की पाट्या बोलायला लागतात. वार तर बघा, आतित, चान, अंगकिआ, पुत, प्रोहोआह, सोक, साव. मंगळवार अंगकिआ, म्हणजे अंगारक, ज्याच्यावरून अंगारकी. पण शब्द ओळखीचा म्हणून अर्थ तोच धरू नका, पुण्याचं बोन झालं आणि अर्थ सण-समारंभ, सत्त्वाचं सात झालं आणि अर्थ प्राणी, लोक म्हणजे साहेब.

लांब वाक्यांकडे वळाल तेव्हा डाएल लागेल, 'जो' ची जागा तो घेतो: मोनुह डाएल ख्ञोम स्कोआल, माणूस ज्याला मी ओळखतो. आपल्यासारखा जो-तो चा जोडा नाही, एक डाएल पुरतो, आणि वर्णन नेहमी नामाच्या मागे. 'की' साठी था, मूळ अर्थ म्हणणे, कित था म्हणजे "विचार केला की", आपल्या 'म्हणून' चा भाऊच. या दोघांवर एक महिना घालवा, घाई करू नका, कारण लिहिताना शब्दांमध्ये जागा सोडत नाहीत, आणि डाएल कुठे आहे हे डोळ्याला सापडलं तरच वाक्य तुटतं.

सराव कुठे करायचा म्हणाल तर बाजारात. मी दर रविवारी तुओल तोम्पुंगच्या बाजारात एका मींगकडे भाजी घेतो. मागच्या रविवारी मी पैसे देऊन निघालो तर तिने हाक मारली, चाम ना, चाम ना. चाम म्हणजे थांबणे. शेवटचा ना आपलाच ना, लाडीगोडीचा, "थांब ना". कोथिंबिरीची जुडी पिशवीत टाकली आणि विचारलं, न्याम बाय हाएय रू नोव. मी म्हटलं, नोव ते मींग.